एकांत आणि एकांतकोठडी

एकांताकडे ख्रिस्ती परंपरेने नेहमीच आदराने पाहिले आहे. वाळवंटातील तपस्व्यांनी आणि मठवासीयांनी तो स्वेच्छेने पत्करला. मात्र हाच एकांत बळजबरीने लादला म्हणजे मनुष्याचे काय होते, याची साक्ष अमेरिकेचा इतिहास देतो.

१८२९ साली फिलाडेल्फिया शहरात 'ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी' हा तुरुंग सुरू झाला. त्याच्या नावातच प्रायश्चित्त आहे. कैद्याला फटके मारण्यापेक्षा एकटे ठेवावे, म्हणजे त्याची सद्सद्विवेकबुद्धी जागी होईल, अशी क्वेकर पंथीय सुधारकांची प्रामाणिक श्रद्धा होती. कोठडीबाहेर नेताना कैद्याचे तोंड झाकले जाई. १८४२ साली तेथे गेलेल्या चार्ल्स डिकन्सला हा मनाचा छळ शरीराच्या छळाहून भयंकर वाटला. १८९० साली तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले की, अशा कोठडीत कित्येकांची मती बधिर झाली, काहींना वेड लागले, काहींनी आत्महत्या केली.

म्हणजे परिणाम ठाऊक होता. तरीही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार माणसे मारली गेल्यानंतर ती कोठडी नव्या हेतूने उघडली गेली.

होजे पादिया हा अमेरिकेचाच नागरिक. मे २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर त्याला अटक झाली. किरणोत्सर्गी बाँबच्या कटाचा त्याच्यावर संशय होता. महिन्याभरात त्याला 'शत्रुयोद्धा' ठरवून चार्ल्सटन येथील नौदलाच्या तुरुंगात एकटे ठेवण्यात आले. तेथे तो साडेतीन वर्षांहून अधिक काळ होता. जवळजवळ दोन वर्षे त्याला वकीलही भेटू शकला नाही. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जेकोबी यांनी २००३ साली न्यायालयास याचे कारण लेखी कळविले: आपल्या मदतीस कोणी येणार नाही हे कैद्याला उमगल्यावरच तो सर्व माहिती देईल. दंतवैद्याकडे नेताना त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि कानांवर आवाज रोखणारी आवरणे चढविल्याची छायाचित्रे पुढे प्रसिद्ध झाली. छळाचा आरोप सरकारने नाकारला. २००७ साली ज्यूरीने त्याला अन्य कटांबद्दल दोषी ठरविले. परंतु बाँबचा आरोप त्याच्यावर कधी ठेवलाच गेला नाही.

दोन्ही कोठड्यांतील भेद येथेच आहे. फिलाडेल्फियाने दोषी ठरलेल्याचा आत्मा वाचवू पाहिला आणि नकळत त्याचे मन मोडले. चार्ल्सटनमध्ये दोष सिद्ध होण्यापूर्वीच आशा मोडणे हे साधन ठरले.

सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतकोठडी नको, असा नियम संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली घालून दिला. तत्पूर्वी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अतिसुरक्षित तुरुंगांतील अशा एकांतवासास छळाचाच एक प्रकार म्हटले होते.

बंदिवानांची भेट घेणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. भयभीत समाज प्रथम त्या भेटीचाच दरवाजा बंद करतो. निरपराध्यांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्यच होय. मात्र संशयिताला वकील, न्यायाधीश आणि मानवी शब्द यांपासून तोडल्याने ते पार पडते, असे आम्हांस वाटत नाही.