वांद्रे: एका उपनगरातील सहजीवन

मुंबईच्या उपनगरांविषयी लिहिताना वांद्र्याचे वर्णन बहुधा ‘ख्रिस्ती वस्तीचे उपनगर’ असे केले जाते. हे वर्णन सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु त्यामुळे दोन गोष्टी दृष्टीआड होतात. येथील ख्रिस्ती समाज एकजिनसी नव्हता, आणि येथील दैनंदिन जीवन धर्माच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यवहारांवर उभे होते.

साष्टी बेट १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ते मराठ्यांनी जिंकले, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. सत्ता बदलत गेल्या. रानवर, चिंबई, पाली या गावठाणांतील जुनी वस्ती मात्र टिकून राहिली. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली येथील कुटुंबे घरात मराठीचीच एक बोली बोलत आणि लग्नापूर्वी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणीत. धर्म बदलला तरी भाषा व लोकाचार यांचे धागे तुटले नव्हते.

१८४५ मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला. त्याच्या खर्चासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय या पारशी स्त्रीने दीड लाख रुपयांहून अधिक देणगी दिली होती. १८६७ मध्ये उपनगरी आगगाडी सुरू झाली आणि भातशेतीचे हे गाव शहराच्या नोकरीच्या वेळापत्रकाला जोडले गेले. गोवा व मंगळूर येथून आलेले ख्रिस्ती नोकरदार येथे स्थायिक होऊ लागले. नोकऱ्यांसाठी त्यांच्याशी स्पर्धा सुरू झाल्यावर स्थानिक ख्रिस्ती समाजाने स्वतःचे वेगळेपण दाखविण्यासाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले व १८८७ मध्ये आपली संघटना स्थापन केली. प्रार्थनामंदिर एक असूनही समाज वेगळे राहिले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

याउलट बाजारात परस्परावलंबन होते. मासळी कोळणीकडून, मांस मुसलमान खाटकाकडून घेतले जाई. येथील कत्तलखाना १९७० च्या दशकात देवनारला जाईपर्यंत अनेक मुसलमान कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चाले. सप्टेंबरात भरणाऱ्या माउंट मेरीच्या जत्रेस इतर धर्मांचे लोकही नवस फेडण्यास येत. ‘मोत माउली’ हे तिचे मराठी नाव याच जवळिकीची साक्ष देते. १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत वस्तीवस्तीतून उभारलेले क्रूस आजही त्या समान भयाची आठवण देतात.

तथापि या सहजीवनाचे गौरवीकरण करणे योग्य होणार नाही. ओसरीवर मासळीचा भाव करण्याइतकी जवळीक रोटीबेटीच्या व्यवहारापर्यंत क्वचितच पोहोचली. सहजीवन म्हणजे समता नव्हे. पुढे शेतजमिनींवर बंगले व इमारती उभ्या राहिल्या, १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट झाले आणि जमिनीचे मोल वाढत जाऊन गावठाणे आक्रसली. विहीर, शेत व ओसरी ही गाठीभेटींची स्थळे त्यांबरोबरच लोपू लागली. जनगणनेचे तक्ते एखाद्या वस्तीत कोण राहत होते एवढेच सांगतात. ते एकमेकांच्या दारात कशासाठी जात होते, हे शोधणे उपनगराच्या इतिहासकाराचे खरे कार्य होय.