विद्यार्थी साहाय्याच्या चार वाटा

बुद्धी आहे, परंतु पैसा नाही, अशा विद्यार्थ्याने महाविद्यालयाची पायरी कशी चढावी? या प्रश्नाची आपल्या पश्चिम भारताने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिली वाट कर्जाऊ शिष्यवृत्तीची. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशातील उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. लवकरच सर्वांना खुला झाला. परत आलेल्या रकमेतून पुढचा विद्यार्थी शिके. मुद्दल फिरते राही. डॉ. जयंत नारळीकर यांनाही केंब्रिजला जाताना ही शिष्यवृत्ती लाभली.

दुसरी वाट वसतिगृहाची. फीची सोय झाली तरी खेड्यातल्या मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे? राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण ओळखली. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. जैन बोर्डिंग हे त्यांतील आरंभीचे.

तिसरी वाट कराराची. सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्यतेमुळे राहावयास जागा मिळेना आणि नोकरी सोडावी लागली. संस्थानने विद्या दिली, समाजाने मात्र आसरा नाकारला.

चौथी वाट श्रमाची. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा व शिका’ हे त्याचे तत्त्व. घाम गाळून शिकलेल्या मुलाला कोणापुढे मान खाली घालावी लागत नसे.

पुढे शासनाने हा भार उचलला. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली होतीच. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी मिळाली. २००१ साली भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली आणि टाटांची जुनी कल्पना बँकेच्या खिडकीत आली. परंतु बँकेचे व्याज विद्यार्थी शिकत असतानाही चढत असते.

म्हणून आजच्या पालकांनी प्रत्येक साहाय्याविषयी आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : रक्कम परत करावयाची की नाही, व्याज केव्हापासून लागते आणि अट कोणती. प्रथम शिष्यवृत्ती व फीमाफी पाहावी, मग वसतिगृह व काम, आणि उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज काढावे. साहाय्य करणाऱ्यांनीही एक ध्यानी ठेवावे : फीची पावती फाडली म्हणजे काम संपत नाही. विद्यार्थ्याला राहावयास जागा आणि पंक्तीत मानाचे पान हवे असते.