वादकाची बैठक

वादकाने कसे आणि कशावर बसावे, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठास शोभणारा नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमचे आयुष्य जिनातल्या आणि गोदामातल्या कामगारांत गेले. तेथे उभा कोण आणि बसलेला कोण, एवढ्यावरून मालक-मजूर ओळखू येतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४४ वे कलम मुद्दाम घालावे लागले ते यामुळेच. उभ्याने राबणाऱ्यास सवड मिळताच टेकता यावे म्हणून बसण्याची सोय हवी, असे ते कलम सांगत होते. आणि जे काम बसूनही नीट होते तेथे बैठक देण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार मुख्य निरीक्षकास देत होते. संगीताच्या इतिहासाकडेही आम्ही याच नजरेने पाहतो.

आर्णीसारख्या गावी एखादा प्रौढ कामगार सतार शिकू लागला, की त्याची पहिली तक्रार सुरांची नसते, गुडघ्यांची असते. कापसाची बोजकी उचलून झिजलेले ते गुडघे. मांडी घातली की थोड्या वेळात पाय बधिर. अशाला 'मांडी जमत नसेल तर वाद्यास हात लावू नका' असे ऐकवून परत पाठविल्याचे आम्ही पाहिले आहे. तेव्हा ही मांडी किती जुनी आणि किती पवित्र, याची चौकशी करणे भाग आहे.

मराठी मुलखातले सर्वांच्या ओळखीचे तंतुवाद्य म्हणजे वारकऱ्याची वीणा. कीर्तनात विणेकरी उभाच असतो. अखंड सप्ताहात तर वीणा खाली ठेवायचीच नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहारा बदलत ती रात्रंदिवस चालू राहते. (पाळीपद्धत गिरण्यांनीच आणली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) किंगरीवाला जोगी दारोदार हिंडत वाजवी. उभे राहण्याने वाद्याचा अपमान होतो, असे यांपैकी कोणास वाटले नाही.

पण उभे राहण्यातही फरक आहे. विणेकऱ्याचे उभे राहणे मानाचे, सारंगियाचे चाकरीचे. एकोणिसाव्या शतकातील नाचाच्या मैफलींची चित्रे व छायाचित्रे पाहा. सारंगिये कमरेला सारंगी बांधून नर्तकीच्या मागे उभे आहेत, आणि लोडाला टेकून बसले आहेत ते ऐकणारे! पुढे मैफलीत हीच सारंगी गवयाच्या शेजारी बसली. बालगंधर्वांना साथ करणाऱ्या कादरबक्षांची सारंगी तर रसिकांनी कान देऊन ऐकली. सारंगियाच्या या बसण्याला आम्ही बढती म्हणतो. गालिच्यावरच्या मांडीला जो मान आला तो असा दरबाराच्या रिवाजातून आला, आणि रिवाज माणसांनी घातलेला असतो.

व्हायोलिनचे उदाहरण याहून बोलके आहे. युरोपात ते उभ्याने किंवा खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवीत. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी (१७८६–१८५९) ते आपल्या संगीतात आणले, आणि तिकडच्या वादकांनी त्याला जमिनीवर बसविले. खालचे टोक छातीशी, वरचे टोक उजव्या पावलावर. पाश्चात्त्य रीतीत डाव्या हातालाही वाद्याचा थोडा भार सोसावा लागतो. येथे तो पावलाने उचलला, म्हणून हात तारेवर वरखाली घसरावयास मोकळा झाला. गमक, मींड काढण्यास हे हवेच होते. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी असेच बसून वाद्य गाजविले. त्याच काळी गोव्याच्या चर्चशाळांत सूरलिपी शिकलेली मंडळी मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात खुर्चीवर बसून तेच वाद्य वाजवीत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. समोर स्वरलिपीचे कागद, त्यासाठी घोडी, आणि घोडीसाठी खुर्ची. कामाने बैठक ठरविली. यांत खरे कोण आणि खोटे कोण?

रुद्रवीणेसारखे प्राचीन वाद्यही यातून सुटले नाही. डाव्या खांद्यावर भोपळा घेऊन वाजविण्याची तिची जुनी रीत. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी वीणा मोठी आणि भारी करून घेतली आणि खांद्यावरचा भोपळा खाली उतरविला. पनवेलजवळच्या पळस्प्यास त्यांचे गुरुकुल होते. परंपरा बुडविली असे त्यांना कोणी म्हणू धजणार नाही.

सतारीचे मात्र थोडे अडते, कारण तिचा घाटच मांडीशी जुळलेला आहे. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतारी घडविण्यास घेतल्या (त्या कसबाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले), आणि त्यांच्या सतारीचा भोपळा डाव्या तळपायावर टेकण्याजोगा गोल असतो. उजवा गुडघा वर, दांडी तिरपी, उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाचा भोपळ्यावर दाब. ही तीन टेकणी सांभाळली म्हणजे झाले. परीक्षा सोपी आहे: डावा हात काढून घ्या. सतार जागची हलली नाही तर बैठक बरोबर.

मग ज्याचे गुडघे वळतच नाहीत त्याने काय करावे? ज्याला थोडी मांडी जमते त्याने सतरंजीची जाड घडी फक्त बैठकीखाली घ्यावी. कंबर गुडघ्यांहून उंच झाली की पाठ आपोआप सरळ राहते. मऊ गादी नको, तीत माणूस रुततो आणि सतार डुलते. ज्याला मुळीच जमत नाही त्याने बिनहाताची खुर्ची घ्यावी, कारण हात असलेल्या खुर्चीत कोपर अडते. उजव्या पायाखाली पाट ठेवून ती मांडी उंच करावी, भोपळा मांडीवर घ्यावा, मध्ये ओलसर फडके घालावे म्हणजे घसरणार नाही. पाट घरोघरी असतो. खुर्ची नसेल तर स्टूलही चालेल. फक्त त्याचे चारही पाय जमिनीला टेकतात की नाही ते आधी पाहून घ्यावे.