खाऱ्या पाण्याचा तपास

1974 साली आलेल्या 'चायनाटाउन' या चित्रपटात खुनाचा धागा खाऱ्या पाण्याने सापडतो. मृतदेह गोड्या पाण्याच्या जलाशयात मिळतो, फुप्फुसांत मात्र खारे पाणी असते. खासगी गुप्तहेर जेक गिटिस माग काढत जमिनीच्या नोंदवहीपर्यंत पोचतो आणि वृद्धाश्रमातल्या माणसांच्या नावावर झालेली जमीनखरेदी त्याला दिसते. कथा काल्पनिक असली तरी तिच्यामागे खरा इतिहास आहे. 1913 मध्ये लॉस एंजेलिसने ओवेन्स खोऱ्याचे पाणी कालव्याने शहरात आणले आणि तिथले खारे सरोवर पुढे आटत गेले. तळाशी उरलेल्या दाट खाऱ्या पाण्यावर सूक्ष्मजीवांमुळे तांबूस-गुलाबी रंग चढला.

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवरही गुलाबी झाले. पाणी घटून क्षार वाढले, उष्णता वाढली आणि क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला. रंग कसा आला, एवढे त्याने कळते. पाणी कोणत्या वर्षी किती होते आणि का घटले, याचे उत्तर इतिहासाकडे मागावे लागते. तो इतिहास मात्र क्षाराबद्दल जितका बोलका आहे, तितका पाण्याबद्दल नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त इथे काच आणि साबणाला लागणारे सगळे द्रव्य मिळते आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद झाली. इंग्रजांच्या दफ्तरांत तर क्षाराच्या जाती नावानिशी सापडतात: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ज्याच्यावर कर बसतो त्याचीच नोंद राहते. धार नावाच्या झऱ्याचे गोडे पाणी काठावर अखंड पडत होते, तळ्यात खारे पाणी साचत होते. या दोन पाण्यांचा मेळ कर वसूल करणाऱ्याच्या कामाचा नव्हता.

यावर आक्षेप येईल की लोणारात कालवा नाही, कारस्थान नाही. उल्कापाताने झालेल्या खळग्यातले तळे आहे, ते पावसावर आणि झऱ्यांवर भरते आणि उन्हाळ्यात आटते. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तळे मुळातच कमी-जास्त होते, म्हणूनच निसर्गाचे चढउतार कुठे संपतात आणि माणसाचा हात कुठे लागतो, हे सलग नोंदींशिवाय ठरवता येत नाही. खळग्याच्या काठावर गाव वाढले, भोवती विहिरी आणि शेती आली, सांडपाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. यातला प्रत्येक व्यवहार एकेकटा पाहिला तर निर्दोष वाटतो. गिटिसच्या तपासातही नोंदवहीतली एकेक खरेदी रीतसरच दिसते. सगळ्या एकत्र वाचल्यावरच अर्थ लागतो.

लोणार 2000 पासून अभयारण्य आहे आणि 2020 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर दर्जा मिळाला. अशा दर्जामुळे सरोवराची हद्द ठरते, पाण्याचा ताळेबंद आपोआप होत नाही. धारेचा प्रवाह, भोवतालच्या विहिरींची पातळी, तळ्याची खोली आणि क्षारता यांची मोजणी दर महिन्याला व्हावी आणि गावकऱ्याला सातबाऱ्याइतकी सहज पाहता यावी. क्षाराचा पैसा जपून मोजला गेला. पाणी मोजणे ही आता आपली जबाबदारी आहे.