बेसबॉलमधील सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडूविषयीचा वाद

बेसबॉलमधील सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा अमेरिकेतील क्रीडारसिक, पत्रकार आणि आकडेवारीचे अभ्यासक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वादविषय आहे. बेब रूथ, विली मेज, हँक आरोन, टेड विल्यम्स आणि बॅरी बाँड्स ही नावे त्यात वारंवार येतात. या खेळातील आकडेवारी एकोणिसाव्या शतकापासून नोंदवली जात असल्यामुळे प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच सापडेल, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात मात्र कोणते आकडे मोजायचे आणि कोणाचे मोजायचे, यावर या वादाचा निकाल अवलंबून राहिला आहे.

तुलनेचे निकष

फलंदाजाची जुनी मोजपट्टी म्हणजे फलंदाजीची सरासरी. यशस्वी फटक्यांच्या संख्येला ग्राह्य धरलेल्या संधींच्या संख्येने भागून ती काढतात, ०.३०० ही सरासरी उत्तम समजली जाते. दुसरी मोजपट्टी होमरनांची आहे. चेंडू कुंपणापलीकडे टोलवून चारही बेस पार करणे म्हणजे होमरन. क्रिकेटमधील षटकाराशी त्याचे साधर्म्य आहे. १९७०च्या दशकापासून बिल जेम्स व इतर अभ्यासकांनी ‘सेबरमेट्रिक्स’ ही अभ्यासशाखा विकसित केली. याच परंपरेतील ‘वॉर’ हा निर्देशांक, एखाद्या खेळाडूच्या जागी सामान्य बदली खेळाडू असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा अंदाज देतो.

कालखंडांमधील फरकामुळे तुलना अवघड होते. १९६०च्या दशकाच्या आरंभी हंगामातील सामने १५४ वरून १६२ झाले. १९६९ मध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली व फलंदाजी तुलनेने सुकर झाली.

प्रमुख दावेदार

बेब रूथ (१८९५–१९४८) याने बोस्टन रेड सॉक्स संघातून पिचर म्हणून कारकीर्द सुरू केली. न्यूयॉर्क यांकीज संघात आल्यावर १९२० मध्ये त्याने ५४ होमरन मारले. अमेरिकन लीगमधील अन्य सात संघांपैकी एकाही संघाला त्या हंगामात एकत्रितपणेही तितके होमरन मारता आले नाहीत. त्याचे एकूण होमरन ७१४. बेसबॉलच्या व्यावसायिक शतकानिमित्त १९६९ मध्ये घेतलेल्या मतदानात त्याला सर्वश्रेष्ठ ठरवण्यात आले.

टेड विल्यम्स याने १९४१ मध्ये ०.४०६ सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणालाही पूर्ण हंगामात ०.४०० गाठता आलेले नाही. दुसरे महायुद्ध आणि कोरियन युद्ध यांतील लष्करी सेवेमुळे त्याचे जवळजवळ पाच हंगाम वाया गेले. विली मेज याच्या ६६० होमरनांइतकेच त्याच्या क्षेत्ररक्षणाचेही कौतुक होते. त्याने १२ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. ‘सर्वांगीण खेळ’ हा निकष मानणारे बहुधा मेजच्या बाजूने कौल देतात.

वर्णभेद आणि विक्रमांची नोंद

१८८०च्या दशकापासून अलिखित संकेतानुसार कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगची दारे बंद होती. ती १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरल्यावर उघडली. तोपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू ‘निग्रो लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र स्पर्धांत खेळत. त्यांतील विख्यात फलंदाज जॉश गिब्सन याचे जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५व्या वर्षी निधन झाले. नामवंत पिचर सॅचेल पेज याला प्रमुख लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली आणि कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉब (०.३६७) याच्याकडून गिब्सन (०.३७२) याच्याकडे गेला. या लीगचे हंगाम लहान होते आणि सर्व सामन्यांच्या नोंदी उपलब्ध नाहीत, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. त्यावर, रूथ आणि कॉब यांनाही लीगच्या सामन्यांत गिब्सन-पेज यांच्या तोडीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी कधीच झुंजावे लागले नाही, असे उत्तर दिले जाते.

दारे उघडल्यानंतरही वर्णद्वेष संपला नाही. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक आरोन याने रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम मोडला. तत्पूर्वी त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची असंख्य पत्रे आली होती. त्याने ७५५ होमरनांवर कारकीर्द संपवली.

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न

बॅरी बाँड्स याच्या नावावर एका हंगामात ७३ (२००१) आणि कारकिर्दीत ७६२ होमरन, हे दोन्ही विक्रम आहेत. सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कारही त्याला विक्रमी सात वेळा मिळाला. मात्र त्याच्यावर उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे आरोप झाले. आपण ती जाणूनबुजून घेतली नसल्याचे त्याने सांगितले. हॉल ऑफ फेममधील प्रवेशासाठी ७५ टक्के मते आवश्यक असतात. पत्रकारांच्या मतदानात दहाव्या व अखेरच्या वर्षी, २०२२ मध्येही, त्याला ती मिळाली नाहीत.

एकविसाव्या शतकातील स्थिती

जपानचा शोहेई ओहतानी पिचर आणि फलंदाज या दोन्ही भूमिकांत अग्रेसर ठरल्याने रूथशी त्याची तुलना होऊ लागली. २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ बेसचोऱ्या करून, एकाच हंगामात दोन्हींत पन्नाशी गाठणारा तो मेजर लीगमधील पहिला खेळाडू ठरला. रूथने आपल्या समकालीनांना जितके मागे टाकले तितके ओहतानीने टाकलेले नाही, असे रूथचे समर्थक म्हणतात. ओहतानीचे समर्थक मात्र, त्याचे प्रतिस्पर्धी सर्व वर्णांचे आणि अनेक देशांतून निवडून आलेले आहेत, याकडे लक्ष वेधतात.