मानमोडी आणि एक लाख तांदूळ

बंगळूरच्या दाट पेटेत, चिकपेटच्या परिसरात, १८९८ साली प्लेग शिरला तेव्हा म्हैसूर संस्थानच्या प्रशासनाला निदान काय करावे हे उमगत होते. वस्ती विरळ करावयाची, लोकांना मोकळ्या जागेत हलवावयाचे. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वसाहतींना त्या साथीनेच वेग दिला. वीस वर्षांनी इन्फ्लुएंझा, म्हणजे आपल्याकडील मानमोडी, आली तेव्हा मात्र असे कोणतेच उत्तर कुठल्याही सरकारपाशी नव्हते. जून १९१८ मध्ये ती मुंबईत दिसली. शरदात पुन्हा उसळली ती रेल्वेच्या वेगाने देशभर गेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले आणि कितीतरी डॉक्टर युद्धावर होते. आजाऱ्याची शुश्रूषा घरच्या बाईवरच येऊन पडली.

परमुलखातील मराठी घरांवर काय गुदरले याचे एक उदाहरण बडोद्याचे आहे. नरहर शंभुराव भावे तेथे नोकरीस होते. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातील. थोरला मुलगा विनायक, म्हणजेच पुढे विनोबा, १९१६ साली घर सोडून गेला होता.

या बाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले. रोज एकेक दाणा मोजून वाहावयाचा. नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले की एका तोळ्यात किती दाणे बसतात ते पाहून हिशेब करावा आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे जास्त घालावे. आईने मुलाला विचारले. विनोबांचे मत पडले की हे नुसते गणित नव्हे, प्रत्येक दाण्यासरशी नामस्मरण आहे. बाई मोजीत राहिल्या. (आम्हां सरकारी माणसांचा ओढा अर्थातच नरहररावांच्या पद्धतीकडे!)

शेजारची गृहिणी घरी नसली तर त्या घरचा स्वयंपाकही त्या करीत. मात्र आधी आपल्या घरचा. हा स्वार्थ नव्हे काय, असे मुलाने छेडले तेव्हा त्यांनी समजावले की शेजाऱ्यांना ऊन अन्न मिळावे म्हणून तिकडचे मागाहून रांधते.

ऑक्टोबर १९१८ मध्ये हे घर तापाने अंथरुणास खिळले. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा साबरमतीहून आले. वडील वाचले, आई २४ ऑक्टोबर रोजी गेली. अंत्यविधी भटजींकडून न करविता आपल्या हातून व्हावा, हा त्यांचा आग्रह घरी मान्य झाला नाही. ते स्मशानात गेले नाहीत, वेद वाचीत बसले.

सरकारी दप्तरात काय उरले? ब्रिटिश मुलखात मृत्यूची खबर बहुधा गावचा पाटील वा चौकीदार देई आणि ती 'ताप' या सरसकट रकान्यात जाई. देशभरातील बळींचा सुरुवातीचा अंदाज साठ लाखांचा होता. पुढील अभ्यासकांनी तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत नेला. तोळ्याने मोजलेले दाणेच हे, आणि अंदाज बांधताना वर चार घालण्याचीही दक्षता कोणी घेतली नाही. ऐन तारुण्यातील माणसे अधिक गेली, त्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. उशापायथ्याशी बसणारे कोण होते हे ध्यानात घेतले तर याचे फारसे नवल वाटत नाही.

बडोद्यास गीतेवरील प्रवचने ऐकताना संस्कृत कळेना म्हणून रुक्मिणीबाईंनी मुलाकडे मराठी गीता मागितली होती. त्याने आणलेली वामन पंडितांची समश्लोकी त्यांना अवघड वाटली. मग तूच का लिहीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. विनोबांनी 'गीताई' लिहावयास घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली.