इस्पितळ, शिधा आणि लाभार्थी

नंदाखालला आमच्या घरातली जुनी माणसं अजून 'इस्पितळ' म्हणतात. शेजारी 'दवाखाना' म्हणतात, मी 'हॉस्पिटल' म्हणतो आणि सरकारी कागदावर 'रुग्णालय' छापलेलं असतं. इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं, दवाखाना अरबी-फारसीतून. सरकारी मदतीच्या इतर शब्दांचंही असंच आहे. ते कुठून आले हे कळलं, की मदत देणारा आपल्याकडे कसा बघत होता तेही कळतं.

वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात इथे 'मिझेरिकॉर्दिया' ही धर्मादाय संस्थाही आली. लिस्बनमध्ये ती 1498 साली सुरू झाली होती. गरीब, आजारी, अनाथ यांची सोय बघणं हे तिचं काम. नावाचा अर्थच दया. देणाऱ्याच्या मनात आलं तर मिळणार, घेणाऱ्याने मागणी करायची नाही.

'शिधा' या शब्दातही हाच भाव आहे. शिधा म्हणजे न शिजवलेलं अन्नसाहित्य: डाळ, तांदूळ, पीठ. वाटसरूला, भिक्षुकाला तो दिला जाई. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. 'रेशन'चं मूळ लॅटिनमधल्या 'हिशोब' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे आपल्या शिधापत्रिकेत जुनं दान आणि नवा हिशोब एकत्र आले.

मग प्रश्न आला, गरीब कुणाला म्हणायचं? पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली त्याचं गणित मांडलं. माणशी रोज 2,250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही, तो गरीब. 1960-61च्या किमतींनुसार हा आकडा खेड्यात महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्यामागे असं ताटातल्या घासांचं मोजमाप आहे.

महाराष्ट्राने 1 मे 1999पासून या रेषेला रंग दिले. वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं कार्ड, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरं. धान्यासाठी काढलेलं हे कार्ड पुढे उपचारांसाठीही लागू लागलं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिचा आधार मुख्यतः पिवळं आणि केशरी कार्डच होता. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि ठाणे त्या आठांत नव्हतं. आमच्याकडे योजना पोचली नोव्हेंबर 2013मध्ये. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. 1 जुलै 2024पासून पांढरं कार्डवालेही तिच्यात आले आणि मर्यादा पाच लाख झाली.

हे पाच लाख माणशी नाहीत; अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाचे आहेत. 'अंगीकृत रुग्णालय' म्हणजे योजनेत सामील झालेलं रुग्णालय, बाकीच्या ठिकाणी कार्ड चालत नाही. 'पूर्वमंजुरी' म्हणजे ठरलेल्या उपचाराला आधी मिळवायचा होकार. 'पॅकेज' म्हणजे उपचाराचा ठरलेला एकत्रित दर. त्यात खाट, तपासण्या, औषधं आणि रुग्णाचं जेवणही धरलेलं असतं. 'कॅशलेस' म्हणजे त्या पॅकेजमधल्या गोष्टींसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे शब्द माहीत नसले, की घरचे लोक काउंटरवर मान डोलावतात आणि पाकीट काढतात.

शेवटचा शब्द 'लाभार्थी'. अर्थी म्हणजे मागणारा, इच्छा धरणारा. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने 2013 साली पात्र कुटुंबांचं धान्य हा त्यांचा हक्क ठरवला, तरी कागदावर आपण लाभार्थीच राहिलो. मिझेरिकॉर्दियाची दया या शब्दात अजून शिल्लक आहे असं मला वाटतं.

म्हणून घरातलं कुणी दाखल झालं, तर आधी 'आरोग्यमित्र' शोधा. योजनेच्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. हा उपचार यादीत आहे का, पूर्वमंजुरी आली का आणि पॅकेजमध्ये काय काय येतं, हे तीन प्रश्न त्याला विचारा. विनंतीच्या सुरात विचारायची गरज नाही.